कानांनी शिकावयाची भाषा : सोप्या गोष्टी आणि स्पॅनिश

चाकणच्या कारखान्यांतून निघणारा माल पुढे कोठे जातो, याचा आपण फारसा विचार करीत नाही. पाळीची बस पकडावयाची, पाळी भरावयाची आणि घरी यावयाचे, एवढाच आपला त्या मालाशी संबंध. परंतु बजाजची पल्सर मोटारसायकल दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या रस्त्यांवर चांगलीच ओळखीची आहे. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि तेथील मोटारी पुढे मोठ्या संख्येने मेक्सिकोला गेल्या. तळेगावच्या जनरल मोटर्सने २०१७ साली भारतात गाड्या विकणे बंद केले, तरी तेथे २०२० च्या अखेरीपर्यंत गाड्या तयार होत होत्या. त्यांचे मोठे गिऱ्हाईक मेक्सिको हेच होते. उलट दिशेनेही रहदारी आहे. चाकणजवळच्या महिंद्राच्या फोर्जिंग कारखान्यात २०१३ च्या करारानंतर स्पेनमधील बिल्बाओ शहरची सीआयई ही कंपनी आली, आणि २०२३ साली कंपनीचे नावच सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया असे झाले. गाड्यांचे सुटे भाग करणारी गेस्टाम्प हीही माद्रिदची कंपनी चाकणला आहे.

स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, चिली, अर्जेंटिना, पेरू या साऱ्या देशांची भाषा एकच, ती म्हणजे स्पॅनिश. वीस देशांचा कारभार या भाषेत चालतो आणि सुमारे पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. आपल्या पट्ट्यातील मुले आयटीआय करतात, डिप्लोमा करतात, बी.ए., बी.कॉम. होतात. पण परकी भाषा शिकावी असे सुचविले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "काका, इंग्रजीच धड येत नाही, स्पॅनिश कुठून येणार?"

या उत्तरातच खरी अडचण आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे परकी भाषा शिकविण्याचा रिवाज असा की ती इंग्रजीतून शिकवावयाची. पुस्तक इंग्रजीत, व्याकरणाची परिभाषा इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला स्पॅनिशच्या गावी जाण्यापूर्वी इंग्रजीच्या नाक्यावर टोल भरावा लागतो, आणि तेथेच त्याचा खिसा रिकामा होतो. मग तो समजतो, आपल्याला भाषेचे अंगच नाही. वास्तविक त्याला अडविले ते इंग्रजीने. स्पॅनिशशी त्याची गाठ पडलेलीच नसते. मेक्सिकोतील शेतमजुराचे मूल इंग्रजीचे एक अक्षर न शिकता उत्तम स्पॅनिश बोलते, हे आपण विसरतो.

हा नाका चुकवून जाणारी एक वाट आहे. ती म्हणजे सोप्या गोष्टी ऐकणे. पाठ केलेल्या नव्हेत, भाषांतर केलेल्या नव्हेत, तर त्याच भाषेत सांगितलेल्या, चित्रे दाखवून, हातवारे करून, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा वापरून सांगितलेल्या गोष्टी. कॅलिफोर्नियातील स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी वर्गात अशा गोष्टींवर आधारलेली शिकविण्याची पद्धतच तयार केली. पाब्लो रोमान या स्पॅनिश शिक्षकाने २०१७ पासून 'ड्रीमिंग स्पॅनिश' नावाने शेकडो चित्रफिती केल्या आहेत; त्यांतील अगदी पहिल्या पायरीच्या चित्रफितींत तो फळ्यावर चित्रे काढीत हळूहळू बोलतो. मोबाईल आज बहुतेक घरांत आहे. तेव्हा साधन हाताशी आहे, ते कसे वापरावे एवढाच प्रश्न.

ही पद्धत कशी चालते हे सांगण्यापेक्षा दाखविणे बरे. खालील गोष्ट आम्हीच नमुन्यादाखल रचली आहे. कोणी ती मोठ्याने वाचावी व इतरांनी ऐकावी.

पेद्रो त्राबाखा एन उना फाब्रिका. ला फाब्रिका एस ग्रान्दे. पेद्रो तोमा एल आउतोबुस. ओय एल आउतोबुस नो येगा. पेद्रो तोमा ते. एल आउतोबुस नो येगा. पेद्रो तोमा ओत्रो ते. एल आउतोबुस नो येगा!

सांगणाऱ्याने कारखान्याचे चित्र दाखविले, बसचे दाखविले, मनगटावरील घड्याळाकडे पाहिले आणि कप तोंडाला लावला की काय होते? 'फाब्रिका' म्हणजे कारखाना हे कोणी सांगावे लागत नाही. 'ते' म्हणजे चहा. 'नो' कळतेच. बस आली नाही म्हणून पेद्रोने चहा घेतला, तरी बस आली नाही, म्हणून आणखी एक चहा घेतला, हे मोशी-चाकण रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कोणालाही भाषांतराशिवाय समजते. 'येगा' हा शब्द तीनदा कानावर पडला. तो पाठ केला नाही, तरी चौथ्यांदा ऐकाल तेव्हा ओळखाल. 'तोमा' बसच्याही बाबतीत आला आणि चहाच्याही, म्हणजे आपण जसे बस 'घेतो' असे म्हणत नसलो तरी ते लोक म्हणतात, हेही कानाने टिपले. हे सर्व व्याकरणाचे एकही पान न उघडता झाले.

या पद्धतीमागे शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास असे मांडले की भाषा अंगी मुरते ती समजलेले ऐकण्या-वाचण्यातून. नियम पाठ करून मुरत नाही. ऐकलेले मात्र समजले पाहिजे, आणि ते आपल्या सध्याच्या पायरीपेक्षा किंचितच वर असावे. कळेना झालेली स्पॅनिश बातमी दिवसभर लावून ठेवली तर तो नुसता आवाज. बँकॉकमध्ये भाषातज्ज्ञ मार्विन ब्राऊन यांनी १९८४ पासून याहून पुढची पायरी गाठली. त्यांच्या थाई भाषेच्या वर्गात विद्यार्थ्यांनी शेकडो तास नुसते ऐकावयाचे, बोलावयाचेच नाही, असा नियम होता. लहान मूल दीड-दोन वर्षे ऐकते आणि मग बोलते, तसे.

पण यावर आक्षेपही आहेत, आणि ते विद्यार्थ्यांपासून लपविणे बरे नव्हे. कॅनडात इंग्रजी घरांतील मुलांना फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत घातले गेले. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्यांना समजू लागले ते जवळजवळ फ्रेंच मुलांइतके; परंतु बोलताना व लिहिताना त्यांच्या चुका राहिल्या. मेरिल स्वेन या संशोधिकेने १९८५ साली त्यावरून असे म्हटले की नुसते ऐकणे पुरत नाही, स्वतः बोलावे-लिहावे लागते, कारण बोलू लागल्यावरच आपल्याला काय येत नाही ते कळते. आमचे मत विचाराल तर दोघांचेही खरे आहे, फक्त क्रम महत्त्वाचा. पहिले काही महिने कान भरावेत. तोंड आणि वही नंतर. आपल्या शाळांत नेमके उलटे होते. ज्या भाषेचे चार वाक्यही ऐकलेले नाही, तिचे काळ आणि विभक्ती आपण पहिल्या आठवड्यात फळ्यावरून उतरवून घेतो.

आता मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत आनंदाची गोष्ट. स्पॅनिश इंग्रजीमार्गे शिकली तर जे कठीण वाटते, त्यातील बरेच मराठीतून पाहिले तर घरचे निघते.

उच्चारच घ्या. स्पॅनिशमध्ये आ, ए, इ, ओ, उ असे पाचच स्वर. लिहिले तसे बहुतेक वाचावयाचे. त्यांचा 'त' आपला 'त' आहे, इंग्रजीचा 'ट' नव्हे; 'द' हाही दातांना जीभ लावूनच येतो. इंग्रज माणसाला हे शिकायला कष्ट पडतात, आपल्या मुलाला पडत नाहीत. मात्र रोमन लिपी दिसली की आपण सवयीने 'ट' म्हणतो. म्हणून वाचण्याआधी ऐकावे, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा. नमस्काराचा शब्द 'ओला' लिहिताना पुढे 'ह'चे अक्षर असते, ते उच्चारीत नाहीत. ज्याने आधी ऐकले तो 'ओला'च म्हणणार, ज्याने आधी वाचले तो 'होला' म्हणत बसणार.

पुढे पाहा. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांत भेद उरलेला नाही. स्पॅनिशमध्ये आहे, आणि गंमत अशी की त्यांचा 'तू' हा अगदी 'तू'च आहे. मान द्यावयाचा असेल तेथे 'उस्तेद' म्हणतात. साहेबांना, अनोळखी वडीलधाऱ्यांना काय म्हणावे हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही.

विशेषण नामाप्रमाणे बदलते, ही इंग्रजीवाल्यांना मोठी कटकट. आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी म्हणतो. ते 'निन्यो बुएनो', 'निन्या बुएना' म्हणतात. आपली लिंगे तीन, त्यांची दोनच, म्हणजे तेवढा हिशेब कमीच. पण सावध राहावे, लिंगे जुळतातच असे नाही. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी, आणि तोही शेवटी 'ओ' असून. क्रियापदाला मात्र तेथे लिंग नाही. तो जातो आणि ती जाते, दोन्हीकडे 'वा' हेच रूप.

आणि सर्वांत सुंदर साम्य. इंग्रजी माणूस म्हणतो तसे 'मी चहा आवडतो' असे आपण म्हणत नाही. आपण म्हणतो मला चहा आवडतो. तेथे आवडणारा चहा हा कर्ता आणि आपण नुसते 'मला'. स्पॅनिश माणूस म्हणतो 'मे गुस्ता एल ते'. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडतो. आंबे अनेक असतील तर आपण आवडतात म्हणतो, ते 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणतात. क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी होते. इंग्रजीतून शिकणारे या एका वाक्यावर आठवडा घालवितात. मराठीतून पाहणाऱ्याला हसू येते, एवढे ते आपले आहे.

गोष्टी ऐकण्याचा संबंध भूतकाळाशी फार. स्पॅनिशमध्ये 'त्राबाखो' म्हणजे त्याने काम केले, झाले आणि संपले. 'त्राबाखाबा' म्हणजे तो काम करी, काम करावयाचा. इंग्रजी पुस्तके यावर पानेच्या पाने खर्च करतात. पण आजीची गोष्ट आठवा : राजा रोज शिकारीस जाई, आणि एके दिवशी तो जंगलात हरवला. 'जाई' आणि 'हरवला' यांतला भेद आपल्या कानाला पाळण्यापासून ठाऊक आहे. स्पॅनिश गोष्टही अशीच चालते. आधी 'आबिया उना बेस', म्हणजे एकदा असे होते, मग रोजचे, चालत आलेले सारे एका रूपात, आणि जेथे घटना घडते तेथे दुसरे रूप. दहा-वीस गोष्टी ऐकल्या की हा भेद नियम न सांगता बसतो.

शब्दांचीही जुनी ओळख निघते. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगिजांकडून मराठीत आलेले शब्द आपण रोज वापरतो. पगार हा त्यांतलाच. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. आपली बादली तेथे 'बाल्दे', साबण 'खाबोन', चावी 'याबे', पाव 'पान'. आकड्यांत नाते याहून जुने. आठाला ते 'ओचो' म्हणतात, लॅटिनमध्ये तो 'ओक्तो' होता. संस्कृतात अष्ट आणि पालीत अट्ठ, तसेच ते : जोडाक्षर लोकांच्या बोलण्यात घासून सोपे झाले. ज्यांनी विहारातील वर्गात थोडी पाली केली आहे त्यांना सत्त आणि 'सिएते', नव आणि 'नुएवे' शेजारी ठेवून पाहण्यात मौज वाटेल.

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून एक शब्द विशेष भावला. स्पॅनिशमध्ये 'कोन्तार' म्हणजे मोजणे आणि 'कोन्तार' म्हणजेच गोष्ट सांगणे. 'कुएन्ता' म्हणजे खाते, 'कुएन्तो' म्हणजे गोष्ट. एका मात्रेच्या फरकाने खातेवहीची गोष्टीची वही होते. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पेन्शनर आजोबांना पासबुकाइतकीच गोष्टही सांगावयाची असते, हे आम्ही जाणतो. त्या भाषेने ते शब्दातच नोंदवून ठेवले आहे.

ऐकून शिकणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नव्हे. विद्वानाला पालीत 'बहुस्सुत' म्हणतात आणि मराठीत बहुश्रुत, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. बुद्धवचने लिहिली जाण्यापूर्वी कैक पिढ्या ऐकून व म्हणून राखली गेली. सुत्तांमध्ये एकच वाक्य थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते याचा काहींना कंटाळा येतो. पण ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहण्यास तोच उपाय आहे, आणि आजचा गोष्टी सांगणारा स्पॅनिश शिक्षकही नेमके तेच करतो. ५४७ जातककथांतील बऱ्याच कथा सोप्या आहेत, त्यांतली पात्रे माकड, मगर, बगळा, खेकडा अशी आहेत, याचेही कारण श्रोते साधे लोक होते हेच असावे.

यांपैकी काही कथा तर स्वतःच स्पॅनिश शिकल्या आहेत! जातकांत आणि पंचतंत्रात समान असलेल्या कथा सहाव्या शतकात पंचतंत्राबरोबर इराणात पेहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या, आणि १२५१ साली राजपुत्र आल्फोन्सोच्या आश्रयाखाली त्या स्पेनच्या कास्तिलियन भाषेत आल्या. पुस्तकाचे नाव 'कालिला ए दिम्ना', म्हणजे आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. सुंसुमार जातकातील माकडाचे काळीज मागणारी मगर तेथे कासव झाली आहे, पण झाडावर ठेवलेल्या काळजाची थाप तीच आहे. १३३५ च्या सुमारास दोन हुआन मानुएल याने लिहिलेल्या 'एल कोन्दे लुकानोर' या ग्रंथात मधाचे मडके डोक्यावर घेऊन मनोराज्य करणारी बाई भेटते; आपल्याकडे ते मडके सातूच्या पिठाचे होते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा तर 'बार्लाम आणि जोसाफत' या नावाने युरोपभर फिरली. जोसाफत हे 'बोधिसत्त्व' या शब्दाचेच अनेक भाषांत झिजलेले रूप होय. स्पेनचा थोर नाटककार लोपे दे वेगा याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीस त्यावर नाटकही लिहिले. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला जातककथा ठाऊक आहेत, त्याने लहान मुलांसाठी सांगितलेली माकडाची गोष्ट स्पॅनिशमध्ये ऐकून पाहावी. गोष्ट आधीच माहीत असली की निम्मे शब्द आपोआप उलगडतात.

वेळेचा हिशेब मात्र कोणी तरी सांगावयास हवा, कारण 'तीन महिन्यांत अस्खलित' अशा पाट्या आपल्या भागातही लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषिकाला स्पॅनिशमध्ये कामकाज करता येण्यासाठी वर्गाचे सुमारे ६०० ते ७५० तास धरते. रोज पाऊण तास ऐकले आणि आजारपण, लग्नकार्ये, परीक्षा वगळून वर्षाचे ३०० दिवस धरले, तर २२५ तास होतात. म्हणजे सुमारे तीन वर्षे. आवर्ती ठेवीसारखे आहे : हप्ता लहान चालेल, चुकवून चालणार नाही. आम्ही स्वतः भोसरी ते चाकण प्रवासात ऐकतो. पुणे-नाशिक रस्त्यावरील खोळंबा या एका कामास उपयोगी पडतो. पहिले दोन महिने चित्रे पाहत घरी ऐकावे, कारण चित्राशिवाय अर्थ लागत नाही. ओळखीच्या झालेल्या गोष्टी तेवढ्या प्रवासात पुन्हा ऐकाव्यात. एका गोष्टीतील दहा शब्दांपैकी दोनच अडत असतील तर ती आपल्या पायरीची. पाच अडत असतील तर खाली उतरावे, त्यात कमीपणा नाही. स्पॅनिश शिकविताना मध्येमध्ये इंग्रजीत समजावून सांगणारे कार्यक्रमही खूप आहेत. ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांनी ते टाळावेत, नाही तर पुन्हा तोच टोलनाका.

नोकरीचे म्हणाल तर स्पष्टच सांगतो. आपल्या पट्ट्यात आजही जर्मन आणि जपानी यांना मागणी अधिक आहे, आणि ज्याला केवळ चाकणमध्ये लवकर नोकरी हवी त्याने आधी तिकडे पाहावे. स्पॅनिशची कामे निर्यात विभागात, भाषांतरात, परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणाऱ्या कचेऱ्यांत असतात, आणि तेथे ऐकून कळणे हेच पहिले लागते. पदवीच घ्यावयाची असेल तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ येथे स्पॅनिशचा बी.ए. अभ्यासक्रम आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर सीयूईटी परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि आधी स्पॅनिश आलेच पाहिजे अशी अट नाही. ही सरकारी विद्यापीठे असल्याने फी खाजगी वर्गांच्या मानाने बरीच कमी असते. पुण्यात नोकरी सांभाळून शिकावयाचे असेल त्यांनी रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात अर्धवेळ वर्गांची चौकशी करावी.

जगभर चालणारे प्रमाणपत्र म्हणजे 'देले'. ते स्पेनची इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था देते, आणि तिचे केंद्र दिल्लीत आहे. परीक्षेच्या पायऱ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा. सुरुवातीच्या पायऱ्यांवर वाचन आणि लेखन यांचा एक गट, श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा, प्रत्येकी ५० गुणांचा. दोन्ही गटांत वेगवेगळे ३० गुण मिळवावे लागतात. नुसते ऐकून बसलेला विद्यार्थी पहिल्या गटात अडकतो. म्हणून सहा-आठ महिन्यांच्या श्रवणानंतर एक दोनशेपानी वही घालावी, ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत पाच ओळींत स्पॅनिशमध्ये लिहावी, आणि आठवड्यातून एकदा अभ्यासिकेत दोघा-तिघांनी बसून तीच गोष्ट एकमेकांना सांगावी. वही एकमेकांची तपासावी. व्याकरणाचे पुस्तक उघडण्याची वेळ ती. तोवर त्यातील निम्मे नियम कानाच्या ओळखीचे झालेले असतात.